छापायचा नसलेला थर

कास्त्रोच्या चढावर, लोकरीच्या दुकानाच्या माडीवर
माझं ऑफिस: एक टेबल, एक स्टोव्ह, दोन पडदे,
एक खिडकीचा, एक संगणकाचा.
दोन्हींवर बहुतेक वेळ राखाडीच.

माणूस मी एकटीच.
पाटीवर मात्र 'आणि सहकारी' लिहिलंय.
विचारलंच कुणी, तर बोट दाखवते या यंत्राकडे.
पगार मागत नाही,
दर वर्षी भाडं तेवढं न चुकता घेतं.

आधी खरंच दोघं होतो.
म्हातारे एवारिस्तो शाईने रेघ ओढायचे,
चुकली की ब्लेडने खरवडायचे, श्वास रोखून,
झोपलेल्या माणसाची दाढी करावी तसे.
भिंत वीतभर सरकली की आठवडा जायचा:
नकाशा, छेद, चारही बाजू, खिडक्यांची यादी,
आणि एक खिडकी हटकून जुन्याच जागी राहायची.
ती साइटवर सापडायची. सुताराला. मोठ्याने.

आता मी भिंत ओढते
आणि छेदातली भिंत आपली आपण सरकते,
दारं स्वतःला मोजून घेतात,
तळाशी आकडा बदलतो:
बाहेरच्या भिंतीला लाकडी खवले, चार हजार नव्वद.
नगरपालिकेतून फाईल तिसऱ्यांदा परत आली
तरी मी रात्री जेवून निजते.
यापेक्षा मोठं कौतुक मला जमत नाही.

परवा रात्री अकराला दोन्या एदुविहिसचा फोन.
"घर जरा वर घेता येईल का गं?
ओढा यंदा कुंपणापर्यंत आलाय."
किती वर?
"सफरचंदाच्या झाडापर्यंत."
झाड नकाशात होतंच.
सगळं निवडलं. अकरा मीटर, ईशान्येला. एंटर.
स्टोव्हमधलं लाकूड तडकेपर्यंत
घर पोचलंसुद्धा.

म्हणतात, घर पाहावं बांधून.
मी तर घर पाहिलंय चालताना.
सात वर्षांची होते. मिंगा होती आमच्याकडे:
बैलांच्या नऊ जोड्या, घराखाली ओंडके,
अख्खं गाव दोरखंडाला, आणि शिव्या,
आणि सफरचंदाच्या दारूचे हंडे.
किनाऱ्यावरून घर निघालं
धुराड्यातून धूर सोडत,
कारण चूल विझवायला आईने साफ नकार दिला होता.
दिवस मावळताना कळलं,
पूर्वेची खिडकी पश्चिमेला आलीय.
परत फिरवायची ताकद ना बैलांत होती ना माणसांत.
त्या खोलीत अजून ऊन संध्याकाळी येतं.

माझ्या प्रत्येक फाईलमध्ये एक थर असतो
जो छापला जात नाही.
भिंती, पाणी, वीज, मापं हे थर
सुताराचे, बँकेचे, नगरपालिकेचे.
यावर मी फिकट जांभळ्यात लिहिते
लोक सहज बोलून गेले ते:
इथे कुत्रा झोपतो.
डावा गुडघा. पायरी पंधरा सेंटीमीटरच.
मुलगा पुंता अरेनासला. नाताळला येतो. कधी नाही येत.
एवारिस्तो हे सगळं डोक्यात ठेवायचे,
आणि त्यांच्याबरोबरच ते गेलं.

परवा घर हललं, तसा हा थरही हलला.
कुत्रा अकरा मीटर वर गेला, जागाही झाला नाही.
एकच ओळ खाली ओढ्याशी राहिली,
घराबरोबर निवडायची राहून गेली असावी:
'इथून त्याची होडी दिसायची.'

कर्सर तिच्यापाशी नेला.
बराच वेळ लुकलुकत राहिला.
मग फाईल तशीच सेव्ह केली, आणि दिवा मालवला.

सकाळी गमबूट घालून चढून गेले.
चिखलातून पाऊण तास.
सफरचंदाच्या झाडाशी उभं राहिलं
तर समुद्र दिसतो. बोटभर.
दोन छपरांच्या मधून.

खिडकी चाळीस सेंटीमीटर डावीकडे घ्यावी लागेल.
यादी आपली आपण बदलेल.