मागच्या आरशात

सात वर्षं मी त्यांना अर्धेच पाहिले,
भुवयांपासून टायच्या गाठीपर्यंत.
उरलेले कमिशनर क्वार्ल्स टीव्हीवर दिसायचे,
सगळ्या बॉल्टिमोरला दिसायचे तसेच.

पहाटेचे पावणेपाच.
बंदराकडून साखरेचा जळकट गोड वास,
मागच्या सीटवर कागद उलटल्याचा आवाज.
रात्रीत किती गेले, हे ते विचारत नसत.
"कुठे?" एवढंच.
मी रस्त्याचं नाव सांगे,
ते त्या रस्त्यावरच्या कुणाचं तरी नाव काढत:
"मिसेस गॅदर्स अजून तिथंच राहते का रे?"
जणू शहर म्हणजे रस्ते नव्हेतच,
एक लांबलचक भाऊबंदकी.

इथल्या जुन्या घरांना दाराशी
तीन-चार संगमरवरी पायऱ्या असतात.
त्यांची आई दर शनिवारी लोकांच्या पायऱ्या घासायची,
गुडघे टेकून, खरखरीत दगडानं.
एकदा सिग्नलला थांबलो होतो तेव्हा म्हणाले,
"टिल्मन, मी बादली धरायचो.
ओल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही,
हा मी शिकलेला पहिला कायदा."
हे त्यांच्या एकाही भाषणात आलं नाही.
भाषणं दुसरंच कुणी लिहायचं.

शपथविधीच्या दिवशी अर्धं गाव म्हणालं,
आपला माणूस!
आणि अर्धं म्हणालं, आपला माणूस?
तिसऱ्या वर्षापर्यंत
चिन्हांची अदलाबदल झाली होती.
खांद्यावरचं पितळ वाढलं तसा
उजवा खांदा जरा उतरला.
डॉक्टर म्हणाले, संधिवात.

त्या उन्हाळ्यात मोर्चानं गाडी अडवली.
एक मुलगी काचेवर तळहात आपटत होती.
मी नको म्हणत असताना त्यांनी काच खाली केली.
मुलगी गप्पच झाली.
ती बंद काचेची तयारी करून आली होती.

मग नोव्हेंबरात त्यांनी
जुन्या दप्तरातून एक खोका मागवला.
सदतीस वर्षांपूर्वीचा.
एका गल्लीत एकोणीस वर्षांचा पोरगा,
क्लेव्हन पिटमन,
आणि त्याच्यावर वाकलेला, काठी उगारलेला
क्वार्ल्सचा जोडीदार.
जबानीत नव्या शिपायाचं टपोरं अक्षर:
"अंधार होता. मला स्पष्ट दिसले नाही."
पूल ओलांडेपर्यंत ते तेच पान वाचत होते.
ओळ एकच होती.
मग आरशात माझ्याकडे न बघता म्हणाले,
"त्या गल्लीत दोन दिवे होते."

रविवारी आम्ही गेलो. गणवेश नाही, ताफा नाही.
पिटमन बाहेर आला, सपाता घातलेला, हातात
अर्धा सोललेला बटाटा.
वरच्या पायरीवर तो, खाली फरशीवर साहेब.
पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या, तरी ते चढले नाहीत.
साहेब बोलू लागले की तो मान वळवून
उजवा कान पुढे करायचा.
डावा त्या रात्रीच गेला होता,
हे खोक्यात कुठंच नव्हतं.
तीनदा वळवली त्यानं मान.
तिसऱ्यांदा साहेबच सरकून
त्या बाजूला जाऊन उभे राहिले.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.
हीटर चालू होता, काचा वर होत्या.
बटाटा मात्र त्यानं तिथंच उभ्यानं
सोलून पुरा केला.

मंगळवारी राजीनामा. वर्तमानपत्रांत: प्रकृतीचं कारण.
आता क्वार्ल्स कुठंतरी किनाऱ्याला राहतात,
खेकड्यांची जाळी विणतात म्हणे, वाईट विणतात.
नवे कमिशनर स्वतः गाडी चालवतात.

मला अजून माणसं विचारतात, दोघी-तिघी
पत्रकार, एक वकील, माझी बायकोसुद्धा:
काय बोलले ते त्या दिवशी?
मी म्हणतो, मला स्पष्ट ऐकू आलं नाही.

काचा वर होत्या. खरंच वर होत्या.