वाक्य पुरं कर

सोसायटीच्या पाटीवर चेअरमन म्हणून माझं नाव,
अजून रंग ओला.
वनमालाबाई दर गुरुवारी हर्णैच्या जेटीवर यायच्या,
बर्फाच्या पेटीवर बसायच्या पाय हलवत.
उत्तर म्हणून कधी दिलं नाही.
डिझेलचा कोटा कसा वाटू, विचारलं
तर म्हणाल्या, "रात्री झोप कुणापायी उडते?
तिथून सुरू कर."
आवाज कापतो हो, म्हटलं.
"कापू दे. वाक्य पुरं कर."

काल सभेत धोंडू पावशे ओरडत उठला.
बाई दापोलीला, डोळे तपासायला.
लहान होड्यांना आधी, म्हणाले मी.
आवाज कापला.
तरी पुढे गेले:
किती लिटर, कुठल्या तारखेपासून,
धोंडूच्या ट्रॉलरला किती कमी.

मग कुणीच बोललं नाही.
बाहेर बर्फाचं मशीन
तेवढं गुरगुरत राहिलं.