साबणाची फुली

कुडचडेला, रेल्वे रुळांच्या अलीकडे,
रुझार फुर्तादच्या पत्र्याखाली जीप लावली
तेव्हा तो पेज जेवत होता.
मिठातली तोर चोखत त्याने लांबूनच काच पाहिली,
म्हणाला, ही मी ओळखतो.

जीप खाणीची. लिलावात घेतली,
सर्व्हेयरची नोकरी गेली त्या वर्षी,
ज्या सीटवर अकरा वर्षं बसलो तिच्यासकट.
बॉनेटवरचा खाणीचा नंबर मी रंगवून टाकला,
उन्हात तिरकं पाहिलं की अजून दिसतो.
काचेवर डावीकडे, माझ्या कपाळाच्या उंचीला, एक चांदणी,
आणि तिच्यातून निघालेला तडा
माझ्याच कच्च्या आराखड्यातल्या ओढ्यासारखा
वळत वळत उजवीकडे आलेला.
दगड लागला तेव्हा सोयरू वेळीप चालवत होता.
ब्रेक न मारता म्हणाला, टिपरचा, साहेब.
मी रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं.
पुढे स्वतः चालवू लागलो
ते मान घालून, तड्याखालून रस्ता बघत.

रबर कापू नको, म्हटलं, मूळचं आहे.
मूळचं म्हणजे लाकूड झालंय, म्हणत त्याने कापलं.
खाचेत माती निघाली.
खाण बंद होऊन इतकी वर्षं,
आणि आत लाल, ओलसर, लोण्यासारखी.
स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडून
तो ती जुन्या वर्तमानपत्रावर जमवत गेला.
मूठभर झाली.
एवढी, म्हणाला, माझ्या बांयत उतरायची
पावसातल्या एका रात्री.

मग काच उतरवण्याआधी चांदणीवर बोट ठेवलं.
हा टिपरचा न्हय, बाब.
टिपरचा खालून येतो, चाटून जातो.
हा वरून आलाय. काजूंच्या बाजूने.

मी विचारलं नाही.
त्याने सांगितलं नाही.
सोयरूचं घर त्या काजूंच्या वरच होतं,
हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्याचा पोरगा फेस्ताला गेलेला,
म्हणून दोरी माझ्या हाती आली.
नवं रबर काचेला चढवलेलं,
त्याच्या ओठात नायलॉनची दोरी,
वर साबणाचं पाणी.
आत बस, म्हणाला. मी दाबतो, तू ओढ.
घाई केलीस तर साडेतीन हजार गेले.

मी आत. तो बाहेर, बॉनेटवर गुडघा टेकून.
मधे काच.
त्याचे तळवे काचेवर पांढरे पडलेले,
उजव्या अंगठ्याला नख नाही.
ओढली की रबराचा ओठ चौकटीवर उलटायचा,
एक इंच, मग आणखी एक.
त्याचं तोंड हलायचं, आवाज यायचा नाही.
थांब, म्हणत असावा. मी थांबायचो.
वरच्या कोपऱ्यात अडलं, चौकट तिथे पिळलेली.
तिसऱ्या बेंचवर गाडी कलंडली होती एकदा,
तेही रजिस्टरमध्ये नाही.
त्याने तळहाताच्या टाचेने तीन थापा दिल्या,
नेमक्या माझ्या तोंडासमोर,
आणि मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा दोरी सैल माझ्या मांडीवर.

विडीच्या पाकिटावर हिशोब लिहिला:
काच, रबर, मजुरी.
मजुरी पुरती. एक रुपया सोडला नाही.
मला ते बरं वाटलं.
जुनी काच ठेवून घेतली, कोंबड्यांच्या खुराड्याला.
माती कागदासकट कुठे ठेवली, बघितलं नाही.

निघताना साबणाच्या तुकड्याने
नव्या काचेवर मोठी फुली मारली.
नवी काच दिसत नाही, म्हणाला,
कोणीतरी आरपार हात घालतो.
दोन दिवस खड्ड्यात घालू नको.
मी हसलो. या रस्त्यावर?

वायपर लावला नाही.
फुलीच्या चार तुकड्यांतून सावर्ड्याचा पूल आला,
मग सिमेंटचा कठडा घातलेली कोणाची तरी विहीर,
मग काजूंची ती उतरण,
इतकी स्वच्छ की पानं मोजावीत.
आणि मी, सवयीने,
मान खाली घातली.