कापसाचा हिशेब

तुझ्या विजारी माझ्याकडे यायच्या,
फोर्ट लीच्या त्या काचेच्या छपराच्या स्टुडिओत,
जिथे हडसनवरून वारा सुटला
की सुई बोटात घुसली तरी कळायचं नाही.
तू म्हणायचास, फिलोमेना, बसायला जागा ठेव.
म्हणजे मागे, दोन्ही अंगांना,
मूठ मूठ पिंजलेला कापूस, वर जाड फ्लॅनेल,
आणि टाके असे की कॅमेऱ्याच्या बापाला दिसू नयेत.

लोक म्हणायचे, हा माणूस रबराचा.
मला माहीत होतं कशाचा ते.
डावीकडे साडेतीन औंस, उजवीकडे पाच,
कारण उजवा खुबा स्क्रँटनच्या खाणीवरच दुखावलेला.
नऊ वर्षांचा तू, कोळशातून दगड वेचणारा,
घसरणीवरून सुटलास तो थेट मुकादमाच्या पायांत,
आणि सगळी काळी पोरं पांढऱ्या दातांनी हसली.
ते पहिलं हसू, तू सांगायचास, फुकट गेलं.
तिकीट लावायला हवं होतं.

यानो हुड्याक हे नाव जाहिरातीत मावेना,
म्हणून मालकाने तुला वॉबल्स केलं.
तुझ्या आईला वाचता येत नव्हतं. ती आली,
अंधारात बसली, आणि तू शिडीवरून निसटलास तशी
मोठ्याने ओरडली, हा आमचाच!
असाच पडायचा, आधी टोपी धरून.

त्या एका वर्षात तू बत्तीस वेळा
लग्न मोडलंस, आग लावलीस, पोलिसाचा घोडा पळवलास.
संध्याकाळी माझ्या टेबलापाशी उभा राहून जेवायचास.
उभाच. मी खुर्ची पुढे केली नाही कधी.

मग तो कोळशाच्या टंचाईचा हिवाळा आला,
काचेचं छप्पर गोठलं,
आणि सगळे कॅलिफोर्नियाला निघाले, उन्हाच्या मागे.
मी राहिले. वडील खोकत होते.
पण विजारी येत राहिल्या, टपालाने, तीन हजार मैल,
खिशात चिठ्ठी आणि कधी एखादी संत्र्याची साल:
इथल्या बायकांचे टाके उसवतात.
एवढंच. यापेक्षा जास्त तू लिहिलं नाहीस,
मी वाचलंही नाही.

आणि मग सिनेमा बोलू लागला.
तुझ्या आवाजाचं काही वाईट नव्हतं,
वाईट होतं कापसाचं.
तू पडलास की मायक्रोफोनला ऐकू यायची
गादी झटकल्यासारखी धप्प.
त्यांना हवा होता खणखणीत आवाज, लाकडावर हाडाचा.
शेवटच्या पार्सलात एकच विजार होती.
काढून टाक, फिलोमेना.
अक्षर वाकडं, पण तुझंच.

मी काढला. कात्रीने नाही,
एक एक टाका, जसा घातला तसा.
शिवण सरळ केली, इस्त्री फिरवली, पाठवून दिली.
मला दुसरं काही लिहिता आलं असतं.
सोबत मी बिल पाठवलं, चाळीस सेंट.

त्या पडण्याला, म्हणतात, थिएटरं दणाणली.
त्यानंतर तू काठी घेऊन चालायचास
आणि लोकांना तीही गंमत वाटायची.
पुढे ओहायोत कुठल्या दुकानाचं उद्घाटन,
कुठे सर्कशीच्या दारात फुगे,
आणि मग दोन ओळींची बातमी, तीत नाव चुकलेलं.

चांदी काढायला तुझी रिळं वितळवली.
उरली आहेत अकरा सेकंदं.
नात मला पाहायला घेऊन गेली, अंधारात हात धरून.
शिडी आहे, तू आहेस, टोपीवर हात आहे,
पाय सुटतात
आणि फिल्म संपते.
पडद्यावर तू अजून पडलेलाच नाहीस.
मागच्या बाकावरची मुलं हसली, मग थांबली,
पुढे काय झालं म्हणून.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं:
काही नाही झालं. ती माझी विजार होती.

साडेआठ औंस घरी आहे,
निळ्या कापडाच्या उशीत, टाचण्या खोचायला.
उजवीकडे जरा जास्त भरलेली.
टेबलावर सरळ बसत नाही, कलते,
आणि मी तिला नीट करत नाही.