अर्धा नंबर

फॉर्ममधला रकाना नऊ:
जखम आणि मृत्यू यांमधील अंतर.
मी कच्च्या कागदावर मोजले,
चारशे सात दिवस.
मोठे कारकून म्हणाले, महिन्यांत लिही,
महिन्यांत थोडं दिसतं.

हिराजी मढवी, सहायक फौजदार,
वाहतूक शाखा, ठाणे. राहणार विटावा.
गायमुखच्या घाटात त्या रात्री आम्ही दोघं,
तिसरा चहा आणायला गेलेला.
(चहाचं जबाबात नाही. मीच गाळलं.)

टेम्पो थांबला. मढवींनी पावतीपुस्तक उघडलं,
कार्बन नीट सरकवला,
बोनेटवर टेकून लिहू लागले:
एमएच झिरो चार, ई, डी, एक, सात
आणि त्या सातचा दांडा
पान सोडून खाली गेला, कार्बन फाडत,
जिथे रस्त्याचा कठडा होता तिथवर.

नऊ रकान्यांत बसत नाही ते असं:
कमरेखाली काही उरलं नव्हतं
पण कान शाबूत होते.
खाट खिडकीशी लावलेली.
बेलापूर रस्त्यावरून रात्री डंपर जात
आणि मढवी अंधारात गियर ओळखत.
"तिसऱ्यावं चरवतंय येरा. दुसरा टाक."
मी गेलो की तोंड भिंतीकडे,
"कला आयलास रं? ड्युटी नय?"
आणि लगेच, हळूच,
"घाटान काय हाय?"
मी सांगायचो. कंटेनर बंद पडला, मामा.
येऊरकडचा बिबट्या दिसला म्हणे, मामा.
एकदा काहीच घडलं नव्हतं
तर मी एक अपघात रचून सांगितला.
त्यांनी त्यातली चूक काढली.

दर दोन तासांनी कूस बदलायची.
गुलाबवहिनी बदलायच्या,
नववीतली प्रणिता वहीत लिहायची,
बापाच्याच स्टेशन डायरीसारखं:
०२.०० डावी कूस. पाठीला औषध.
०४.०० उजवी कूस. जागे. पाणी दोन चमचे.
०६.०० डावी. आईला झोप लागली, मी वळवलं.

पुढे वरून शेरा आला:
मृत्यू त्याच जखमेने, यास पुरावा काय?
प्रणिताने वह्या आणून दिल्या. पाच.
आमच्या कार्यालयात त्यांना भोकं पाडली,
लाल दोरीने फाईलला बांधल्या.
पंचिंग यंत्राचा आवाज झाला तेव्हा
पोर दाराशीच उभी होती.

नाव मंजूर झालं.
ऑक्टोबरात साकेतच्या मैदानावर
शहिदांची यादी वाचली गेली.
वाचणारा साहेब नवीन, बाहेरचा,
हिराजी माधवी म्हणाला.
बंदुका उलट्या धरलेल्या,
रांगेत कुणी हलायचं नसतं.
गुलाबवहिनी मात्र खुर्चीतून
ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाल्या,
मढवी.

गुन्ह्याचं काय झालं? अ-समरी.
म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही.
ईडी सतरा आणि पुढे दोन आकडे:
शून्य शून्य ते नव्याण्णव, शंभरच गाड्या.
यादी आली होती आरटीओतून.
काही भंगारात, काही नाशकाला विकलेल्या,
काहींच्या मालकांनी हात जोडले.
आणि पाटी खोटी असेल तर
या शंभरांतली एकही नाही.
हे मला कळतं.
तरी खिशात यादी आहे, घडीवर फाटलेली.
दिसली की टिंब करतो.
एकसष्ट झाली.

आता पावतीपुस्तकं गेली,
फोनवर फोटो काढला की झालं,
बोनेटवर टेकावं लागत नाही.

बासष्टावी काल संध्याकाळी आली.
ताडपत्रीखाली शाळेची बाकं,
चालक वयस्कर, लायसन्स, विमा, सगळं चोख.
मी बोनेटला हात लावला. गरम होतं.
तो म्हणाला, साहेब, माझं काय चुकलं?
म्हटलं, काही नाही. जा.
टिंब करायचं राहून गेलं.
चढ लागेपर्यंत
तो दुसरा गियर टाकतो का
ऐकत उभा राहिलो.