अर्ध्यावरचा काटा

गाडी ब्याण्णवची, मी अठ्ठ्याऐंशीचा,
पण गुडघे तिचे आधी गेले.
साडेतीनशे रियालला घेतली वादी कबीरमध्ये
दादकरीम नावाच्या एका बलुची म्हाताऱ्याकडून.
किल्ली देताना त्यानं बॉनेटवर तळवा ठेवला, म्हणाला,
हिला वेळेवर पाणी दाखव, चढावर हाणू नकोस.
आमच्याकडे असं म्हशीबद्दल बोलतात.

क्रेसिडा. कागदावर रंग सोनेरी.
छतावर उन्हानं नायटा उठवलाय.

खोलीतल्या तिघांचं एकमत,
एवढ्यात हप्त्यावर नवी आली असती.
आली असती.
पण हप्त्याच्या गाडीचा स्क्रू फिरवला तरी वॉरंटी जाते,
आणि मला तर स्क्रूच फिरवायचे होते.

शुक्रवारी इमारतीच्या मागे सावली असते.
सावली सरकते तशी गाडी ढकलतो:
आठला पुढचं चाक,
साडेनऊला मागचं,
अकराला सावली संपते.
बारा नंबरचा पाना तोवर
हातात धरवत नाही, भाकरीसारखा तापतो.
(दहाचा पाना हरवलेला आहे. तो कायमच हरवलेला असतो.)

इथली पोरं अशाच गाड्यांना
भोंग्याएवढे सायलेन्सर लावतात,
रात्री रिकाम्या प्लॉटवर टायर जाळून गोल गोल फिरतात.
एकानं सिग्नलला काच खाली करून भाव विचारला.
मी हसलो. त्यालाही कळलं.
माझं मॉडिफिकेशन एवढंच:
भंगारातल्या टॅक्सीचा पितळी रेडिएटर,
अपघातातल्या कॅमरीचा पंखा,
आणि त्याचं बटण,
जे मुळात कुणाच्या तरी मिक्सरचं होतं.
उस्ताद गुलशेरनं वायरिंग पाहिलं,
बराच वेळ काही बोलला नाही,
मग स्वतःच्या खिशातून फ्यूज काढून बसवला.
पैसे घेतले नाहीत. चहा दोन वेळा घेतला.

तरी काटा चढायचाच.
दर सिग्नलला लाल रेघेकडे,
आणि माझा जीव त्याच्यामागे.

हिशेब वैजयंतीकडे असतो, इचलकरंजीत.
फोनवर म्हणाली, सहा रियाल, थर्मोस्टॅट.
म्हणजे तेराशे रुपये. काय असतं ते?
म्हटलं, दार असतं एक, अंगठ्याएवढं.
इंजिन गार असलं की बंद,
पाणी तापलं की आपणहून उघडतं.
आणि बिघडलं तर?
तर बंदच राहतं. आतल्या आत उकळत बसतं.
पलीकडून कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू आल्या.
तिसरी झाल्यावर ती म्हणाली,
घे मग.
थोड्या वेळानं, दोन घे. एक असू दे जवळ.

ऑगस्टातली दुपार. अल अमरातचा घाट.
दादकरीमची क्षमा मागून एसी लावला
आणि चढावर हाणली.
पहिलं वळण, दुसरं. डोंगर तव्यासारखा,
बाजूला एक कोरी लँडक्रूझर तोंड उघडून उभी,
मालक छत्री धरून फोनवर.
मी डोळ्यांनी रस्ता बघत होतो असं म्हणवत नाही.
काटा अर्ध्यावर.
तिसरं वळण, अर्ध्यावर.
माथ्यावर आनंदानं हॉर्न दाबला.
हॉर्न वाजला नाही.
वहीत लिहिलं: हॉर्न, बघणे.

रात्री पार्किंगमध्ये बॉनेटखालून थेंब.
पोटात गोळा.
गुडघ्यावर बसलो, बोट बुडवलं, हुंगलं.
तेलकट नाही. कूलंटचा गोडसर वास नाही.
एसीचं. नुसतं पाणी.
चौतीस वर्षांच्या लोखंडानं
हवेतून पिळून काढलेलं.

कचरापेटीजवळची पिवळी मांजर आली,
माझ्याकडे एकदा बघितलं,
आणि डबकं चाटू लागली.
वर खोलीत डाळ थंड होत होती.
ती पिऊन होईपर्यंत
मी एसी चालू ठेवला.