वहीतला कुत्रा

रेगे मॅडम म्हणाल्या, रोज पाच ओळी.
जे घडलं तेच. जर्मनमध्ये. चुकायची लाज सोडून.
वाशीत, झेरॉक्सच्या दुकानावर क्लास:
आम्ही अकरा नर्सेस आणि एक वेल्डर.

वही अशी नव्हतीच.
कफ सिरपवाल्यांनी वाटलेली डायरी, तीन वर्षं जुनी.
तारीख जुळायची, वार जुळायचा नाही,
म्हणून माझे सगळे मंगळवार
कुणाच्या तरी शुक्रवारावर काट मारून आलेत.

पहिला आठवडा मी नुसता चहा प्यायले.
सकाळी चहा पिते. चहा गरम आहे.
त्याच रात्री सात नंबरचे शेट्टीकाका
माझं मनगट धरून पहाटेपर्यंत बोलत होते,
त्यातलं एक अक्षर लिहिता येईना.
मनगट विसाव्या धड्यात होतं.
लिहिलं: रात्र लांब आहे.
चहा गरम आहे.

बोंबलाला शब्द सापडला नाही.
खाडीवरचा वारा फिरला की आई
दोरीवरची सुकट लगबगीनं का काढते,
हे सांगायला अख्खं व्याकरण लागलं असतं.
कुत्र्याला मात्र शब्द होता, सोपा, हुंट.
म्हणून मी कुत्रा पाळला.

काळा. मोठा. मासे खातो.
नाव ठेवलं सिडको,
कारण दिसेल ती जागा तो आपलीच समजतो.
करावे गावातल्या आमच्या दीड खोलीत
पाय ठेवायला जागा नाही,
पण वहीत तो आडवा झोपायचा, दारातच.
क्लासमध्ये वेल्डर विचारायचा, सिडको बरा आहे ना?
मी म्हणायचे, हो, काल आजारी होता.
आजारी हा शब्द नवा आला होता.

आई पिठाचे हात लांब धरून वाकायची.
काय लिवतस गो रोज?
मग दोन टिंबांच्या 'यू'कडे बघून म्हणाली,
या अक्षराला डोले हान.
त्या दिवसापासून ते पान मी पालथं ठेवू लागले.

करार आला त्या रात्री पाचऐवजी दोनच ओळी झाल्या.
मला जायचं नाही.
कारण माझी आई एकटी आहे.
'कारण' म्हटलं की क्रियापद शेवटी जातं,
इथेच सगळ्या वर्गाचं घोडं अडलेलं;
मला आपोआप जमलं. आपण बोलतो तसंच की.
सगळं सांगून झाल्यावर, शेवटी, आहे.
पेनाचं टोपण लावताना लक्षात आलं,
हे मी मराठीत अजून कुणालाच म्हटलेलं नाही.

सोमवारी वही परत आली.
दोन्ही ओळींना हिरवी खूण.
शाब्बास, क्रियापद जागेवर.
आणि खाली, बारीक अक्षरात, एकच प्रश्न:
मग सिडको कोणाजवळ राहणार?

डेपोच्या बाकावर बसून, दोन बस सोडून, उत्तर लिहिलं.
सिडको माझ्या आईजवळ राहतो.
'जवळ' आलं की 'माझी'चं रूप बदलतं,
त्यांच्यातही, आपल्यातही.
मला ते येतं. परीक्षेत बरोबर आलं होतं.
इथे मात्र 'माझी' होती तशीच ठेवली.
सापडेल त्यांना.